आयकॉन की क्वीन मेरी?

उन्हाळ्यात आई-बाबा अमेरिकेत मुलांकडे येतात. नायगारा होतो, वॉशिंग्टन होते, आणि मग घरात विषय निघतो, "या वेळी क्रूझ करू या." भारतात 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' निघू लागली, त्यामुळे बोटीवरची सुट्टी ही काही आता ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. पण एम्प्रेस ही 1990 साली बांधलेली, आजच्या मानाने लहान बोट. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून जी दोन नावे अशा घरांत हमखास निघतात, त्यांतली 'आयकॉन ऑफ द सीज' तिच्या पाचपट आहे आणि 'क्वीन मेरी 2' तिप्पट. एक मायामीहून कॅरिबियन बेटांकडे जाते, दुसरी न्यूयॉर्क आणि साउथॅम्प्टन यांच्यामध्ये अटलांटिक ओलांडते. दोन्ही प्रवास सात रात्रींचे मिळतात. मग दर समोरासमोर ठेवले जातात, घसरगुंड्या आणि रेस्टॉरंटे मोजली जातात, आणि जिथे आकडा मोठा तिथे पैसे भरले जातात.

या मोजणीतून काही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बोट कोणत्या पाण्यासाठी बांधली आणि कोणत्या विचाराने बांधली, हे आधी पाहावे. तिथला दिवस कसा जाईल हे त्यावरच ठरते.

आयकॉन रॉयल कॅरिबियन कंपनीची. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या मायर कारखान्यात ती बांधली गेली आणि 27 जानेवारी 2024 रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघाली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी प्रवासी बोट होती. लांबी 365 मीटर, वीस डेक, ग्रॉस टनेज 2,48,663. हे टनेज म्हणजे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचे ते माप आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर 5,610 प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर 7,600, आणि वर 2,350 कर्मचारी.

तिची वंशावळ मात्र कॅरिबियनमध्ये सापडत नाही, ती बाल्टिक समुद्रात सापडते. हेलसिंकी आणि स्टॉकहोम यांच्यामध्ये रात्रभर चालणाऱ्या फेरीबोटी असतात. तिथला हिवाळा असा की डेकवर उभे राहण्याची सोय नाही. 1990 साली तुर्कूच्याच कारखान्यातून 'सिल्या सेरेनेड' बाहेर पडली. तिच्या पोटातून लांबच लांब रस्ता काढला होता, दोन्ही बाजूंना दुकाने आणि कॅफे, वर काचेचे छप्पर, आणि त्या रस्त्याकडे तोंड करून केबिनच्या खिडक्या. समुद्र दिसत नसला तरी खिडकीतून पाहायला काहीतरी आहे, ही ती युक्ती. 1999 साली तिथेच बांधलेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'मध्ये तोच रस्ता 'रॉयल प्रोमेनाड' झाला. 2009 च्या 'ओअ‍ॅसिस'मध्ये त्याच लोकांनी बोटीचा वरचा भाग मधोमध दुभागला आणि मधल्या मोकळ्या जागेत उघड्या आकाशाखाली बाग केली. आयकॉन त्याच घरातली. चौसोपी वाड्यात खोल्या जशा चौकाकडे पाहतात, तशा तिच्या कितीतरी केबिन बागेकडे किंवा मुलांच्या चौकाकडे पाहतात.

म्हणून आयकॉनवर माणसाचे लक्ष आत जाते. आठ 'वस्त्या' आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. सर्फसाइडमध्ये लहान मुलांचे पाण्याचे खेळ, समोरच आई-वडिलांना बसायला जागा आणि खाण्याचे स्टॉल. मूल नजरेआड न होता आईला निवांत चहा घेता यावा, एवढा साधा विचार त्या मांडणीमागे आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. थ्रिल आयलंडवर सहा मोठ्या घसरगुंड्या, सेंट्रल पार्कमध्ये हजारो खरी रोपे, आत बर्फावर स्केटिंगची जागा, बोटीवर मिळून सात पोहण्याचे तलाव. पुढच्या टोकाला अ‍ॅक्वाडोम: काच आणि पोलाद यांचा 360 टनांहून जड घुमट, जो कारखान्यात क्रेनने अख्खा उचलून बोटीवर बसवला. संध्याकाळी त्याखाली धबधब्यासमोर पाण्यातल्या कसरतींचा खेळ होतो. सात दिवसांत हे सगळे पाहून होत नाही, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो. मोठ्या खेळांच्या जागा कंपनीच्या अ‍ॅपवर आधीच राखाव्या लागतात. "तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याला रांग मिळते. ज्याला सुट्टीत वेळापत्रक नको, त्याने हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावे.

आता क्वीन मेरी 2. ही क्यूनार्ड कंपनीची, फ्रान्समध्ये सेंट नाझेर इथे बांधलेली. 8 जानेवारी 2004 रोजी राणी एलिझाबेथने तिचे नामकरण केले आणि चार दिवसांनी ती साउथॅम्प्टनहून निघाली. तिचा आराखडा स्टीफन पेन या इंग्रज जहाजशिल्पीचा. 1972 साली जुनी 'क्वीन एलिझाबेथ' बोट हाँगकाँगच्या बंदरात जळाली. 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाच्या वार्षिकात छापले गेले की अशी बोट आता पुन्हा होणार नाही. शाळकरी पेनने त्यांना पत्र लिहिले की होणार, आणि तिचा आराखडा मी करणार. तीस वर्षांनी त्याने तो केला.

त्याने बांधली ती क्रूझबोट नव्हे. ती लायनर आहे, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या बंदरात पोचण्यासाठी बांधलेली बोट, समुद्र कसाही असो. उत्तर अटलांटिकमध्ये वादळ आले तर वळून दुसऱ्या बेटाकडे जाता येत नाही, मध्ये बेटच नाही. म्हणून नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लांब आणि निमुळते, बांधणीत नेहमीच्या क्रूझबोटीपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त पोलाद, पाण्याखाली दहा मीटरांहून अधिक खोली. वेग 30 नॉटपर्यंत जातो, आयकॉनचा 22 च्या आसपास. एरवी क्वीन मेरी सावकाश चालते, पण वादळाने अडवले तर गेलेला वेळ भरून काढण्याची ताकद तिच्या इंजिनांत राखून ठेवलेली आहे. त्यासाठी चार डिझेल इंजिने आणि जोडीला दोन गॅस टर्बाइन. जीवरक्षक नौकासुद्धा नेहमीपेक्षा बऱ्याच उंच टांगल्या आहेत, लाटांनी त्या फोडू नयेत म्हणून. त्यासाठी नियमातून खास सवलत घ्यावी लागली. एवढा खर्च केवळ सुट्टीच्या बोटीवर कुणी करत नाही.

तिच्या पुढच्या डेकवर गेले की चकचकीत धातूची मोठी वक्र पाती ओळीने बसवलेली दिसतात. पाहणाऱ्याला ती शिल्पे वाटतात. ती पंख्याची राखीव पाती आहेत. पाण्याखालच्या पंख्याचे पाते निकामी झाले, तर बदलायचे पाते बोटीवरच असावे म्हणून ती तिथे ठेवली आहेत. सातव्या डेकवर सागवानी फळ्यांचा रस्ता बोटीला पूर्ण वळसा घालतो. तीन फेऱ्या मारल्या की मैलाहून थोडे जास्त चालणे होते. आपल्याकडचे सकाळी फिरायला जाणारे काका-काकू इथे रमतील, याची मला खात्री आहे. आत सुमारे 10,000 पुस्तकांचे ग्रंथालय, तारांगण, नाचाचा मोठा हॉल, दुपारचा चहा, व्याख्याने, आणि प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी कुत्राघर. घसरगुंडी एकही नाही. मुलांसाठी खेळघर आहे, पाळणाघरही आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला चौथ्या दिवशी काय करायचे हा प्रश्न पडेल.

कारण बंदर मध्ये लागतच नाही. सहा-सात दिवस फक्त पाणी. न्यूयॉर्ककडे जाताना जवळजवळ रोज रात्री घड्याळ एक तास मागे जाते, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. साठीच्या माणसाला ही दिशा फार मानवते: झोप पुरते, आणि उतरल्यावर विमानप्रवासानंतर येते तशी सुस्ती येत नाही. उलट दिशेने घड्याळ भर दुपारी पुढे सरकते आणि दिवस तेवीस तासांचा होतो. निवड असेल तर साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे या. शेवटच्या पहाटे बोट व्हेराझानो पुलाखालून जाते. धुराड्याची उंची या पुलाच्या हिशेबानेच बेतलेली आहे. डेकवर उभे राहून वर पाहिले की आता आदळणार असे वाटते, आणि काही मीटरांनी ती निसटते. त्याच धुराड्यावर 1930 च्या दशकातल्या मूळ क्वीन मेरीचा भोंगा बसवलेला आहे. उतरायचे ब्रुकलिनच्या रेडहूक धक्क्यावर. तिथून न्यू जर्सीतले मुलांचे घर गाडीच्या टप्प्यात.

गर्दीचा हिशेब ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत, पण तो घरी करता येतो. टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागा. क्वीन मेरी 1,49,215 टनेजची, प्रवासी सुमारे 2,700, म्हणजे माणशी 55. आयकॉन दोघांच्या हिशेबाने 44. शाळांच्या सुट्टीत, तिसरी-चौथी खाट भरली की 33 च्या खाली. दुप्पट-तिप्पट मोठी बोट म्हणजे दुप्पट-तिप्पट ऐसपैस, हा समज या एका भागाकाराने जातो.

बोट लागण्याची भीती अनेकांना असते. कॅरिबियनचे पाणी एरवी शांत. पण 1 जून ते 30 नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ, आणि आई-बाबा अमेरिकेत असतात तेही याच महिन्यांत. वादळ आले तर आयकॉन मार्ग बदलते, एखादे बेट गळते. त्याची भरपाई मागता येत नाही. अटलांटिकमध्ये मार्ग तोच राहतो, बोट थोडी हलते. त्रास होणाऱ्याने दोन्हींवर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी.

आणि केबिन घेताना नकाशा पाहाच. क्वीन मेरीच्या खालच्या डेकवरच्या काही बाल्कन्या पोलादी भिंतीत कोरलेल्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा मिळतो, पण खुर्चीत बसले की समोर पोलाद आणि वर आकाश. आठव्या डेकवर काही ठिकाणी जीवरक्षक नौका दृष्टीच्या आड येतात. आयकॉनवर 'बाल्कनी' म्हणून विकलेली केबिन आतल्या बागेकडे उघडणारी असू शकते. 'इन्फिनिट बाल्कनी' म्हणजे तर खोलीचीच मोठी खिडकी, तिची वरची काच बटणाने खाली येते. यांत फसवणूक नाही, सगळे लिहिलेले असते. आपण वाचत नाही.

शाकाहारी जेवणाची चिंता आता करू नये. दोन्हीकडे सोय होते, भारतीय शाकाहारी हवे असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगावे. दारू, इंटरनेट, खास रेस्टॉरंटे आणि रोजची सेवा-रक्कम दोन्हीकडे तिकिटाबाहेर. क्वीन मेरीवर संध्याकाळी सहानंतर नीट कपडे लागतात आणि दोन रात्री समारंभाचा पोशाख. राष्ट्रीय पोशाख चालतो, तेव्हा पैठणी आणि बंदगळा बिनधास्त बॅगेत टाका. व्हिसाचे मात्र आधी बघा. आयकॉनसाठी अमेरिकेचा अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा हवा, कारण बेटांवरून परत आत यायचे असते. क्वीन मेरीसाठी अमेरिकेबरोबर ब्रिटनचाही.

एक गोष्ट दोन्हींविषयी सांगितली पाहिजे. आयकॉन द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते आणि त्यामुळे धूर, गंधक कमी होते, हे खरे. पण इंजिनातून न जळता सुटणारा मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. क्वीन मेरी तेल जाळते. निसर्गाच्या दृष्टीने स्वच्छ म्हणावी अशी यांतली एकही नाही. आणि खोली आवरणाऱ्या, वाढणाऱ्या माणसांत गोव्याची, कोकणाची माणसे भेटली तर नवल नाही. साष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांना पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरच्या नोकरीचा आधार आहे. सहा-सहा, आठ-आठ महिने ती घराबाहेर असतात. त्यांच्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोला.

मला विचाराल तर निकाल अवघड नाही. बरोबर पाच ते पंधरा वयाची मुले असतील तर आयकॉन घ्या, शाळेच्या सुट्टीबाहेरची तारीख मिळाली तर उत्तम. दोघेच असाल, वाचायची, चालायची, पाण्याकडे बघत बसायची आवड असेल, तर क्वीन मेरी, आणि तीही पश्चिमेकडे जाणारी. तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील तर आयकॉनच, पण आजी-आजोबांची केबिन सर्फसाइडच्या गलक्यापासून लांब ठेवा. आणि कोणतीही घेतलीत तरी 'गॅरंटी' नावाचा स्वस्त दर घेऊ नका. त्या दरात केबिन कंपनी ठरवते. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, केबिनचा क्रमांक तुमच्या हाताने निवडा.