माहोवर बुरशीचा उतारा

सप्टेंबर-ऑक्टोबरात धान निसवलं की रायपूरच्या शिवारात अधूनमधून गोलाकार, भाजल्यासारखे चट्टे दिसू लागतात. छत्तीसगढी शेतकरी म्हणतो, माहो लागला. आपल्या भंडारा-गोंदियाकडे म्हणतात, तुडतुडे आले. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेला हा तपकिरी किडा चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतो. वरून मारलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. उलट काही रासायनिक औषधांनी तुडतुडे खाणारे कोळीच मरतात आणि थोड्याच दिवसांत कीड दुपटीने उसळते.

गंमत अशी, की किडीला मानवणारी ही सावलीची, दमट जागा मेटारायझियम या बुरशीलाही मानवते. तिचा बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतो, रुजतो आणि विकरांनी कवच विरघळवून आत शिरतो. किड्याने काही खावं लागत नाही. म्हणूनच रस शोषणाऱ्या किडींवर ती चालते. आत ती रक्तात वाढते, विष सोडते. किडा मेल्यावर हवेत भरपूर दमटपणा असेल, तर सांध्यांतून आधी पांढरे तंतू फुटतात, मग त्यांवर हिरवी भुकटी धरते. ती भुकटी म्हणजे पुढच्या किड्यांसाठीचे बीजाणू. 1879 मध्ये ओडेसाला शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी हीच बुरशी वापरून पाहिली होती. नोबेल मात्र त्यांना 1908 मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं.

मग ही बुरशी घरोघरी का नाही? मला वाटतं, संध्याकाळपर्यंत मेलेले किडे दिसले पाहिजेत, ही सवय आपल्याला रसायनांनी लावली. बुरशीला चार ते दहा दिवस लागतात. चट्टे पडल्यावर फवारून उपयोग नाही. बुंध्याशी पिल्लं दिसू लागली, की लगेच हात घालायचा.

संशोधनाची सोय तर आहे; रायपूरजवळ बरौंडा इथे पिकांवरच्या किडी-रोगांचाच अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या नव्या संकुलाचं उद्घाटन सप्टेंबर 2021 मध्ये झालं. पण प्रयोगशाळेतल्या ताटलीत जोमाने वाढणारी बुरशी दुकानातून बांधापर्यंत जिवंत राहिली पाहिजे. उन्हातले अतिनील किरण बीजाणू मारतात, पस्तिशीपुढचं तापमान तिला सोसत नाही. म्हणून पाकिटावरची तारीख पाहायची, ते पत्र्याच्या खोलीत ठेवायचं नाही आणि फवारणी उन्हं कलल्यावर, नोझल बुंध्याकडे वळवून करायची. करप्यासाठीचं बुरशीनाशक त्याच पंपात मिसळलं, तर पैसे पाण्यात; ते बुरशीच मारायला बनवलेलं असतं.