एसीतला गॅस संपतो कुठे?

होळी झाली की नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते : एसीत गॅस भरणारा कुणाच्या ओळखीचा आहे का? निदान विचारणाऱ्यानेच करून ठेवलेलं असतं. हवा गार येत नाही, म्हणजे गॅस संपला. गेल्या वर्षी भरला होता, तो वर्षभरात वापरून झाला, आता परत भरायचा. जणू स्वयंपाकाचा सिलिंडरच.

एसीतला गॅस वापरला जात नाही. तो जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन त्याची ताकदही जात नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. घरातल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि होताना खोलीतली उष्णता उचलते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, बाहेरच्या युनिटमध्ये उष्णता टाकून तिचा पुन्हा द्रव होतो. फ्रिजमध्येही हेच चालतं. पंधरा वर्षं चाललेल्या फ्रिजमध्ये दर मार्चला गॅस भरून घेणारं एक घर मला दाखवा. मग एसीलाच ही वार्षिक भूक कुठून लागते?

गॅस कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळला आहे म्हणजे कुठेतरी भोक आहे. इतकं साधं आहे हे. फ्रिजचं नळकाम कारखान्यातच बंद होतं. स्प्लिट एसीचे दोन भाग मात्र तुमच्या भिंतीवर येऊन जोडले जातात. नळीचं तोंड फुलवून त्यावर पितळी नट आवळायचा, असे चार सांधे. हे फुलवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, तिरकं झालं, नट सैल राहिला किंवा जोर दाखवायला जास्त आवळला, की गळती पहिल्याच दिवसापासून. घर बदलताना एसी काढून दुसरीकडे लावला असेल, तर पहिला संशय याच सांध्यांवर घ्यावा.

दुसरी जागा म्हणजे कॉइल. खाडीवरची दमट, खारी हवा बाहेरच्या युनिटला सोसत नाही. तळोजा एमआयडीसीकडून येणाऱ्या वासाच्या तक्रारी खारघर-तळोजाकरांना नव्या नाहीत. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो तांब्याला काळं पाडून कुरतडतो. घराच्या आतही सगळं आलबेल नसतं. नवं प्लायवूड, रंग, चिकटद्रव्यं यांतून निघणारी फॉर्मिक आणि अ‍ॅसिटिक आम्लं ओलाव्याच्या मदतीने नळीत डोळ्यांना न दिसणारे बोगदे पाडतात. ताज्या फर्निचरच्या फ्लॅटमधला दोन वर्षांचा एसी गळू लागला तर मेकॅनिक खोटंच बोलतोय असं धरून चालू नका. पण मग त्याने भोक शोधलं का, एवढं तरी विचारा.

‘सगळेच दरवर्षी भरतात हो,’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. बरेच जण भरतात, हे खरंच आहे. आयफॉरेस्ट या दिल्लीतल्या संस्थेने मुंबई-पुण्यासह सात शहरांतल्या घरांची पाहणी करून २०२५ साली अहवाल दिला. त्यात सुमारे ४० टक्के एसींमध्ये दरवर्षी गॅस भरला जातो असं दिसलं. खरं तर पाच वर्षांत एकदाही पुरेसं व्हावं, असं तोच अहवाल म्हणतो. म्हणजे इतके जण दरवर्षी भरतात यातून एवढंच सिद्ध होतं की त्यांच्याकडे भोक कुणी बुजवत नाही. दोन-अडीच हजार रुपये द्यायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत तो गॅस हवेत. आर-४१०ए जातीचा एक किलो गॅस हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, हे वर.

आता त्या गेजकडे येऊ. मेकॅनिक एसी बंद असताना बाहेरच्या युनिटला गेज लावतो, काटा दाखवतो, आणि आपण मान डोलावतो. बंद एसीत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो तापमानावर, गॅसच्या वजनावर नाही. ३० अंशांना आर-३२ या गॅसचा दाब साधारण २६५ पीएसआय असतो, आत ४०० ग्रॅम असो की ८००. बहुतेक गॅस जाऊन द्रव उरलाच नाही, तरच हा काटा काही सांगतो. चालू एसीचा दाब थोडं जास्त सांगतो. पण इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेगच बदलत असतो, बाहेरचं ऊन बदलतं, त्यामुळे कंपनीने दिलेल्या टेस्ट मोडवर न टाकता घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये.

खरं काम वेळखाऊ असतं, आणि ते होत नाही यात आपली घाईही आहे. शंभर-दोनशे रुपयांची व्हिजिट आणि ‘दहा मिनिटांत उरका’ म्हटल्यावर कोण नळी तपासत बसेल? उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, भोक बुजवायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल उपसायची. शेवटी युनिटच्या पट्टीवर छापलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरायचे. ज्याच्या पिशवीत वजनकाटा नाही, तो अंदाजाने भरणार. नायट्रोजनऐवजी कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन जोडू लागला तर मात्र तिथेच थांबवा : कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. २०१९च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं, ते उगाच नव्हे.

बाकीचे समज झटपट. कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅस कमीच, असं नाही. धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळेही बर्फ धरतो, म्हणून मेकॅनिकआधी नळाखाली फिल्टर धरा. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नाही : दाब चढतो, वीज जास्त लागते, द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसरच जातो. १६ अंशांवर ठेवलं की साधा एसी लवकर गार करतो, हेही नाही. तो नुसता उशिरा थांबतो. आर-३२ पेट घेतच नाही, हे चूक. तो सौम्य ज्वलनशील आहे, खोलीत तो कोंडलेला असताना ज्योत लावू नये.

आणि जुन्या आर-२२च्या एसीबद्दल. ओझोनला घातक म्हणून हा गॅस वापरणारी नवी यंत्रं बनवणं २०२५पासून देशात बंद झालं, पण दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो. ‘आर-२२ आता कुठे मिळतोय साहेब, त्यातच आर-३२ टाकून देतो,’ असं कुणी म्हणालं, तर लक्षात ठेवा : आर-३२चा दाब दीडपटीहून जास्त, त्याला लागणारं तेल वेगळं, आणि जुना कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलाच नाही. त्या माणसाला चहा पाजा आणि सिलिंडरसकट परत पाठवा.