धाग्याचा धर्म आणि बैठकीची निगा

घरी पाहुणा आला म्हणजे पाण्याचा तांब्या पुढे करण्याच्याही आधी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीकडे हात जावा, ही मराठी घराची जुनी रीत. आता दिवाणखान्यात कोच व खुर्च्या आल्या आणि जमिनीवरची बैठक मागे पडली. तरी जमीन काही उघडी राहिलेली नाही. दाराशी काथ्याचे पायपुसणे असते, कोचापुढे तागाचा किंवा लोकरीचा गालिचा असतो, देवघरात लोकरीचे आसन असते आणि घरात मंगलकार्य निघाले की माळ्यावरचे सुती जाजम खाली उतरते. मुंबईपुण्याकडचे कुटुंब दिल्लीस, कोलकात्यास किंवा बंगळुरास जाऊन स्थायिक झाले तरी ही बिछायत त्याच्याबरोबर जाते, आणि त्या त्या प्रांतातील एखादी नवी वस्तूही तिच्यात येऊन मिळते.

या वस्तू बहुधा म्हातारपणाने मरत नाहीत. त्या मरतात त्या चुकीच्या शुश्रूषेने. तागाचा गालिचा मोरीवर नेऊन साबणाने घासला जातो, लोकरीचे आसन गरम पाण्यात सोडा घालून भिजवले जाते, ओलसर राहिलेली सतरंजी घडी करून पेटीत ठेवली जाते. हेतू स्वच्छतेचा असतो आणि परिणाम नाशाचा होतो. कारण इतकेच की, सर्व धागे एका जातीचे नाहीत हे ध्यानात घेतले जात नाही. प्रत्येक धाग्याचा एक धर्म आहे, आणि त्या धर्माप्रमाणे त्याची निगा राखावी लागते.

स्थूलमानाने नैसर्गिक धाग्यांची दोन कुळे आहेत. कापूस, ताग, काथ्या व घायपात हे वनस्पतिकुळातले. त्यांचा मुख्य घटक सेल्युलोज. लोकर व रेशीम ही प्राणिकुळातली. ती आपल्या केसांप्रमाणे व नखांप्रमाणे प्रथिनांची बनलेली असतात. बाजारात आज ताग किंवा लोकर म्हणून कृत्रिम धागाही खपतो, तेव्हा परीक्षा करून पाहणे बरे. गालिच्याच्या कडेचा एक धागा सोडवून चिमट्यात धरावा व बशीवर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, काडीने पेटवावा. जळक्या केसांचा वास आला व चुरडली जाणारी काळी राख उरली तर ती लोकर होय. जळक्या कागदाचा वास व भुरकट राख उरली तर कापूस किंवा ताग. वितळून त्याचा कठीण मणी झाला तर तो कृत्रिम धागा समजावा.

कोणत्याही कुळातला धागा असो, त्याचा पहिला शत्रू डाग नव्हे. तो धूळ हा आहे. डाग डोळ्यांना खुपतो म्हणून त्याच्यामागे लोक धावतात. पण पायांबरोबर आलेली बारीक वाळू विणीच्या तळाशी जाऊन बसते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाळूचा कण धाग्याहून कितीतरी कठीण व धारदार असतो. वरून पाऊल पडले की तो कानशीप्रमाणे धागा मुळाशी कापीत राहतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गालिचा उलटा पालथा करावा, पाठीवर हलक्या हाताने काठीने थोपटावा, खाली पडलेली धूळ काढून टाकावी आणि मग तो पुन्हा सुलटा अंथरावा. व्हॅक्यूम यंत्र असल्यास उत्तमच; मात्र त्याचा फिरता कुंचा तागावर व हातविणीच्या सतरंजीवर चालवू नये, कारण त्यात धागे अडकून उपटले जातात. दोरीवर टांगून जोराने बडवण्याची प्रथाही जुन्या गालिच्यांना घातक ठरते, कारण तो मार विणीला ताणतो.

धुळीनंतर येते पाणी. येथे काथ्या व ताग यांच्यातला भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. केरळात हिरव्या नारळाची सोडणे खाजणाच्या पाण्यात कित्येक महिने कुजवून त्यांतून पांढरा काथ्या काढीत आले आहेत. जो धागा पाण्यातूनच जन्मला, त्याला पाण्याचे भय ते काय! शिवाय काथ्यात लिग्निन हे काष्ठद्रव्य भरपूर असते, त्यामुळे तो सहज कुजत नाही. 1859 साली आलप्पुळा येथे काथ्याचा पहिला कारखाना निघाला, तेव्हापासून देशोदेशींच्या उंबरठ्यांवर तो पसरला, तो याच गुणामुळे. म्हणून काथ्याचे विणलेले पायपुसणे खुशाल पाण्याने धुवावे, झटकावे व उन्हात वाळवावे. पाठीला रबराचा थर असल्यास मात्र फार वेळ कडक उन्हात ठेवू नये, रबर तडकते.

तागाची गोष्ट निराळी. 1855 साली कोलकात्याजवळ रिशडा येथे भारतातील पहिली ताग गिरणी सुरू झाली आणि पुढे तागाची पोती जगभर गेली. पण पोत्याचा काटकपणा कोरडेपणी खरा. ओला झाला की तागाचा धागा दुबळा होतो, पाणी सावकाश वाळले की आतील तपकिरी द्रव्य पृष्ठभागावर येऊन त्याचे वर्तुळ उमटते, आणि दमट हवेत त्याला बुरशी फार लवकर धरते. तेव्हा तागाचा गालिचा कधीही भिजवू नये. त्यावर पाणी किंवा चहा सांडला तर त्याच क्षणी कोरडे सुती फडके टीपकागदासारखे दाबून द्रव टिपून घ्यावा. कडेकडून मध्याकडे टिपीत यावे, घासू नये. मग गालिचा उचलून दोन्ही बाजूंना पंख्याचा वारा लागेल असा ठेवावा. घायपाताच्या धाग्यालाही हाच नियम लागू आहे.

कापूस या बाबतीत सर्वांत सोशिक. भिजल्यावर त्याचा धागा दुबळा न होता उलट किंचित बळकटच होतो. म्हणूनच मिर्झापूरची किंवा नवलगुंदची सुती सतरंजी धुता येते. तिला धोका असतो तो रंगाचा व आटण्याचा. धुण्यापूर्वी ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर ती सतरंजी घरी धुवू नये. पाण्यात मूठभर मीठ टाकले की रंग पक्का होतो, अशी समजूत घरोघरी आहे; परंतु विणून तयार झालेल्या वस्तूचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. रंग टिकणारा असल्यास थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, साबणाचा अंश उरू न देता खळबळून घ्यावी आणि पसरून वाळवावी. ओली सतरंजी दोरीवर टाकली की स्वतःच्या भाराने ओघळते, आणि तिचे कोपरे पुन्हा कधी सरळ होत नाहीत.

लोकरीचे तीन वैरी आहेत: उष्णता, घर्षण आणि क्षार. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात ती चोळली की हे खवले एकमेकांत अडकतात व तंतू घट्ट आवळले जातात. काश्मीरचा नमदा मुद्दाम याच युक्तीने, न विणता, तयार करतात; पण विणलेल्या गालिच्यावर तीच क्रिया झाली म्हणजे तो आखडून बसतो. धुण्याचा सोडा प्रथिने विरघळवतो, ब्लीचिंग पावडर लोकर पिवळी व ठिसूळ करते. म्हणून लोकरीसाठी थंड पाणी, रिठ्याचा फेस आणि हलका हात, एवढेच पुरे. दख्खनच्या घोंगडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असते, आणि तो ताठपणा त्या खळीचाही असतो. वारंवार धुतल्याने तो निघून जातो. धनगर आपली घोंगडी क्वचित धुतात व वारंवार उन्हात टाकतात, यात आळस नाही; अनुभव आहे.

डागांपैकी स्वयंपाकघरातील दोन डाग विशेष हट्टी. तेलातुपाचा डाग पडला तर त्यावर शंखजिऱ्याची किंवा खडूची पूड दाट पसरावी, रात्रभर राहू द्यावी व सकाळी झटकून काढावी. बेसन किंवा मैदा वापरू नये. त्याचे कण विणीत राहून किड्यांना आमंत्रण देतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो रक्तासारखा लाल होतो, आणि पाहणारा घाबरून अधिकच घासू लागतो. वस्तुतः हळदीतील रंगद्रव्य क्षाराने तांबडे होते एवढेच, आणि ते सूर्यप्रकाशात आपोआप फिके पडते. डाग टिपून घेऊन तो भाग काही दिवस उन्हाला दाखवावा. भोवतीचा रंग उडू नये म्हणून बाकीचा भाग झाकून ठेवावा. चहाच्या ताज्या डागावर टिपल्यानंतर एक भाग पांढरा सिरका व चार भाग पाणी यांत पिळलेले फडके दाबावे. कोणताही उपाय आधी एखाद्या दडलेल्या कोपऱ्यावर करून पाहावा.

लोकरीला कसर लागते ती उडणाऱ्या पतंगामुळे नव्हे, त्याच्या अळीमुळे. या अळीला अंधार, निवांतपणा आणि घामाने किंवा अन्नाने मळलेली लोकर आवडते. यातच उपायही आला. ठेवणीतली वस्तू आधी स्वच्छ करावी, दोन-तीन महिन्यांनी उलगडून उन्हात ठेवावी आणि कडा व पाठ कुंच्याने झाडावी, म्हणजे अंडी व अळ्या गळून पडतात. लहान आसनाला कसर लागलीच तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावे. डांबराच्या गोळ्या बेताने व जपून वापराव्यात. काही अर्भकांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते. अशा बाळाला त्या गोळ्यांची वाफ लागलेल्या कपड्यात गुंडाळले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जिवावर बेतणारी कावीळ होऊ शकते. ज्या पेटीत बाळाचे अंथरूण आहे, त्या पेटीत या गोळ्या नसाव्यात.

प्रदेशपरत्वे धोरण बदलावे लागते. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात धूळ हाच प्रश्न असतो. तेथे झाडणे अधिक, धुणे कमी. मुंबई, कोकण, गोवा व कोलकाता येथे पावसाळ्यातील दमट हवा बुरशी आणते, आणि ती नुसती धागाच खात नाही; तिचे कण दमेकऱ्याच्या श्वासातही जातात. तेथे मृगापूर्वीच तागाचे व लोकरीचे गालिचे उन्हात तापवावे, पूर्ण गार झाल्यावर बांबूवर गुंडाळावे, धुतलेल्या सुती चादरीत बांधावे व जमिनीपासून उंच ठेवावे. घडी घालू नये, घडीवर धागा तुटतो. प्लास्टिकमध्ये दीर्घकाळ बांधून ठेवू नये, कारण आत राहिलेला ओलावा तेथेच कोंडतो. जे गालिचे वापरात राहतील त्यांची दिशा दर तीन-चार महिन्यांनी फिरवावी, म्हणजे एकाच वाटेवर झीज होत नाही.

ही सारी निगा म्हटली तर क्षुल्लक आहे: झाडणे, टिपणे, वाळवणे, गुंडाळणे. परंतु हातमागावरची एक सतरंजी विणायला माणसाचे कित्येक दिवस लागतात, आणि गाठींच्या गालिच्याला महिनेच्या महिने. एका दुपारच्या निष्काळजी धुण्याने ते श्रम वाया जातात. मराठीत सतरंज्या उचलणारा म्हणजे ज्याला मान नाही असा कार्यकर्ता, असे थोडे उपहासाने म्हणतात. पण सभा संपल्यावर सतरंजी झटकून, नीट गुंडाळून जागेवर ठेवणारा कोणी असतो, म्हणूनच पुढच्या सभेला लोकांना बसायला बैठक मिळते. घरातही हे काम कोणीतरी निमूटपणे करीत असते, आणि आजीच्या लग्नातले जाजम नातीच्या लग्नात अंथरता येते ते त्याच्याच हातांमुळे.