अकरावीचा फॉर्म भरण्याआधी



डाळिंबाची किंवा आंब्याची बाग लावायची असली, की आपण चार-पाच वर्षांचा हिशेब आधी मांडतो. जमीन कशी, पाणी किती, कलमे कुठून आणायची, सगळे विचारून घेतो. घरातल्या मुलाने किंवा मुलीने पुढे कोणते विषय घ्यायचे हे मात्र दहावीचा निकाल हातात आल्यावर, पेढे वाटता वाटता ठरते. गावोगावच्या सभांत बियाण्याचे बोलणे संपले की कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, पोराला सायन्सला घालू का?" हा प्रश्न पोरगा नववीत असतानाच विचारला पाहिजे.

कारण असे, की अकरावी-बारावीचे गणित उभे राहते ते नववी-दहावीच्या गणितावर. नववीतल्या बहुपदी आणि रेषीय समीकरणे, दहावीतली वर्गसमीकरणे, त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती एवढे पक्के असेल, तर पुढचे झेपते. पाठांतर करून दहावीला मार्क मिळून जातात, पण अकरावीत पहिल्याच महिन्यात ते उघडे पडते. म्हणून नववीच्या सहामाहीचा पेपर घरी आला की किती मार्क पडले एवढेच पाहू नका. कोणत्या प्रकारची गणिते सुटली नाहीत ते मुलाला दाखवायला सांगा. तुम्हाला स्वतःला गणित येत नसले तरी बिघडत नाही. तेवढा कागद घेऊन शाळेत जा आणि गुरुजींना विचारा.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातली हुशार मुले अकरावी सायन्सला जातात आणि इंग्रजी पुस्तक पाहून गांगरतात. बुद्धी तीच असते, शब्द नवे असतात. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळण्याची सोय आहे, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. नववीपासून वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पाडायला सांगा : वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी, स्पर्शिका म्हणजे टॅन्जंट. रोज दोन शब्द लिहिले तरी दोन वर्षांत पुष्कळ होतात, आणि खर्च काही नाही.

आता विषय निवडण्याचे. सायन्सला गेल्यावर "गणित अवघड, सोडून दे" किंवा "आपल्याला कुठे डॉक्टर व्हायचंय, बायोलॉजी कशाला" असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकण्याआधी एवढे पाहा. बी.एस्सी. कृषीला भौतिक व रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालते. पण कृषी अभियांत्रिकीला गणित लागते आणि पशुवैद्यकीला जीवशास्त्र. म्हणून ज्याला झेपेल त्याने अकरावीत दोन्ही ठेवावेत, असे माझे मत आहे. झेपत नसेल तर ओढाताण करू नये. मात्र कोणता विषय सोडला की कोणती वाट बंद होते, हे माहीत असताना सोडावा.

काही कॉलेजांत पीकशास्त्र, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय असे २०० गुणांचे द्विलक्षी विषय असतात. शेतकऱ्याच्या मुलाला ते आवडतात आणि मार्कही बरे पडतात. पण त्यासाठी दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो, आणि बहुधा जीवशास्त्रच सुटते. कॉमर्सच्या गणिताचेही तसेच. ते सायन्सच्या गणितापेक्षा वेगळे असते आणि इंजिनिअरिंगला चालत नाही.

अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही म्हणून ते वर्ष विसाव्याचे, हा समज तर फारच महागात पडतो. सीईटीतले सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. शिवाय अकरावी कच्ची राहिली तर बारावीचे ८० टक्केही समजत नाहीत.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. जवळच्या गावात फक्त आर्ट्स आहे आणि सायन्स तालुक्याला, एवढ्याच कारणाने गणितात हुशार असलेल्या मुलीला आर्ट्सला घातलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. आर्ट्स वाईट नाही, पण तिने ते निवडलेले नसते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांतल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी शासन भरते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. तेव्हा "एवढा खर्च कुठून आणायचा" हे उत्तर देण्याआधी एकदा चौकशी करा.

राहिला घरच्या कामाचा प्रश्न. कापूस वेचणीला माणूस मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वेचणी आणि सोयाबीनची मळणी नेमकी पहिल्या सत्राच्या परीक्षेशी गाठ घालते, आणि हरभऱ्याची काढणी बोर्डाच्या पेपरांशी. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्या मुलाचा हात मोजणीत धरूच नका. रात्रीच्या लायटीवर पाणी द्यायला त्याला पाठवले, तर सकाळचे प्रॅक्टिकल गेले म्हणून समजा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. कॉलेजांचा पसंतीक्रम आपणच द्यायचा असतो. तो मोबाईलच्या दुकानात उभे राहून सुचेल तसा भरू नका. दहावीची परीक्षा आटोपली की एक दिवस काढा, मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या आणि दोन-तीन कॉलेजे प्रत्यक्ष पाहून या. गणिताला कायम शिक्षक आहे का, प्रयोगशाळा उघडी असते का, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही एकत्र घेता येतात का, हे विचारा. आणि शेवटचा तास किती वाजता सुटतो तेही विचारून घ्या, म्हणजे गावाकडची शेवटची एसटी मिळते की नाही ते स्टँडवर जाऊन पाहता येईल.