कंबरेचे खाते, हृदयाचे खाते

महाड औद्योगिक वसाहतीतल्या बँकेच्या शाखेत आठ वर्षे खुर्ची झिजवली आणि कंबर धरली ती कायमचीच. निवृत्तीनंतर कळ पायात उतरू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मणक्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले. महिनाभर लेकीकडे पोलादपूरचा बाजार पायी फिरलो. दुसऱ्या महिन्यात दुखणे पुन्हा हजर! राग काढला तो कोलेस्टेरॉलच्या गोळीवर. स्टॅटिनने अंग दुखते, असे कुणीसे म्हणाले होते. कुणालाही न विचारता गोळी बंद केली.

सौभाग्यवतींनी डॉक्टरांना सांगून टाकले. ते म्हणाले, "साहेब, इंजेक्शन म्हणजे हातउसने; आराम बहुधा काही आठवड्यांचाच. गोळी म्हणजे रिकरिंग. रोज काही दिसत नाही, पण हृदयविकाराचा धोका कमी होतो."

त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनच्या संशोधकांनी आलटूनपालटून खरी आणि पोकळ गोळी दिली. निष्कर्ष २०२० मध्ये आला : खऱ्या गोळीच्या त्रासापैकी ९० टक्के त्रास पोकळ गोळीनेही झाला! क्वचित स्नायूंना खरीच इजा होते; ती रक्ततपासणीत कळते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

माझी गोळी पुन्हा सुरू आहे. कंबर दुखतेच, पण तिचा खर्च आता हृदयाच्या खात्यात टाकत नाही.