मास्कचं बक्कल आणि पेटंटची परीक्षा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.)

आज एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलूया. डायव्हिंग मास्कचा पट्टा जिथे सैल-घट्ट करतात ना, ते बक्कल. अंगठ्याएवढं असतं.

माझा मावसभाऊ मालवणला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्याखाली नेतो. पहिल्यांदा उतरणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. मास्क घट्ट वाटला की तो बक्कलचं बटण दाबून धरतो, पट्टा सर्रकन सुटतो, मास्कमध्ये पाणी शिरतं आणि मग धांदल. भावाने यावर उपाय काढला. बटण एकदा दाबून सोडलं की पट्टा फक्त एकच दात सैल होतो. आणखी सैल हवा असेल तर पुन्हा दाबा. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर नमुना बनवला आणि पेटंटसाठी अर्ज केला.

मागच्या महिन्यात पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल आला. फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, सगळे त्याला एफईआर म्हणतात. अहवालात ओळीने हरकती. रात्री साडेदहाला भावाचा फोन, "म्हणजे मी नापास झालंय काय रे?"

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही. पण दोन रविवार बसून आम्ही तो अहवाल ओळ न् ओळ वाचला. त्यातून जे समजलं ते सांगतो. अर्ज आधीच प्रकाशित झालाय, त्यामुळे उघड बोलायला हरकत नाही.

अर्ज वेगळा, तपासणी वेगळी

आपल्याकडे पेटंट कायदा १९७० चा आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, ते अँटॉप हिलला आहे. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर मूळ फी १,६०० रुपये. पण तेवढ्याने कोणी तुमचा अर्ज तपासायला घेत नाही! तपासणीची विनंती फॉर्म १८ भरून वेगळी करायची, तिचे ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ही विनंती ३१ महिन्यांत करावी लागते. विसरलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. दरम्यान साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रकाशित होतो आणि कोणीही तो वाचू शकतं.

क्लेम म्हणजे काय

अर्जात चित्रं असतात, वर्णन असतं, पण खरी लढाई होते ती शेवटच्या क्लेमवर, म्हणजे दाव्यांवर. भावाचा पहिला क्लेम थोडक्यात असा होता: मास्कच्या चौकटीला जोडलेलं, फिरू शकणारं घर, त्यातून जाणारा दातेरी पट्टा, दातात अडकणारा स्प्रिंगचा खटका, आणि खटका उचलणारं बटण.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. क्लेम म्हणजे 'आणि' लावून जोडलेल्या अटी. उद्या कोणी नक्कल केली तर या चारही अटी त्याच्या बक्कलमध्ये दिसल्या पाहिजेत. एक जरी नसली तर तो सहसा सुटला. म्हणून प्रत्येकाला वाटतं की अटी कमी ठेवाव्यात, म्हणजे जाळं मोठं होईल. पण जाळं मोठं केलं की त्यात जुन्या वस्तूही सापडायला लागतात, आणि परीक्षकाचं कामच ते शोधणं आहे.

परीक्षक कुठे शोधतो

भावाला वाटलं होतं, फक्त डायव्हिंग मास्क बघतील. तसं नसतं. जगभरातली पेटंट विषयवार वर्गांत लावलेली असतात. डायव्हिंग मास्क बी६३सी ११/१२ मध्ये, बक्कलं ए४४बी ११ मध्ये, पोहण्याचे गॉगल ए६३बी ३३ मध्ये. परीक्षकाने तिन्ही कपाटं उघडली होती.

एका जुन्या गॉगलच्या पेटंटमध्ये दातेरी पट्टा, खटका आणि बटण सापडलं. दुसऱ्यात फिरणारं बक्कल होतं, तेही डायव्हिंग मास्कचंच. चारही गोष्टी एकाच कागदपत्रात नव्हत्या, त्यामुळे नवेपणाच्या कसोटीवर क्लेम टिकला. पण पुढची कसोटी कठीण, तिला म्हणतात इन्व्हेंटिव्ह स्टेप. त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसासमोर दोन्ही जुनी कागदपत्रं ठेवली, तर त्याला हे सहज सुचलं असतं का? परीक्षकाचं उत्तर होतं, हो. शिवाय त्याने कलम ३(एफ) लावलं. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल, तर त्याला कायदा शोध मानत नाही.

भाऊ चिडला. "पण लोकांच्या उपयोगाचं आहे ना ते!"

उपयोगाचं असणं पुरत नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल माहीत असायला हवा: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचं भांडण. यंत्रावर फिरताना भांडं घट्ट धरून ठेवायच्या साधनावर १९५१ चं पेटंट होतं. जुन्या पद्धतीत भांडं उडून कामगाराला लागायचा धोका, म्हणजे सुधारणा कामाचीच होती. तरी न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. कारण ओळखीच्याच यंत्रात एखादा कुशल कारागीर करेल तेवढाच तो बदल होता. पेटंट मिळायला कारागिराच्या नेहमीच्या हुशारीपेक्षा काहीतरी जास्त लागतं.

मग भावाकडे 'जास्त' काय होतं?

होतं, पण ते क्लेम चारमध्ये जाऊन बसलं होतं! त्याच्या बक्कलमध्ये एक नाही, दोन खटके आहेत, एकमेकांपासून अर्ध्या दाताने सरकवलेले. बटण दाबलं की पहिला उचलला जातो आणि दुसरा खाली बसतो; पट्टा अर्धा दात सरकून अडकतो. बटण सोडलं की पहिला पुन्हा बसतो, दुसरा उठतो. आणखी अर्धा दात. घाबरलेल्या माणसाने बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी पट्टा सुटत नाही. इथे दोन्ही खटके मिळून एक वेगळं काम करतात, त्यामुळे कलम ३(एफ) ला उत्तर मिळतं.

आम्ही क्लेम चार उचलून क्लेम एकमध्ये टाकला. हे चालतं, कारण दोन खटक्यांचं वर्णन मूळ अर्जात होतं. कलम ५९ नुसार दावा असा आवळता येतो, पण अर्जात नसलेली नवी गोष्ट मागाहून घुसवता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वर्णन भरपूर लिहा. कंटाळा करू नका. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात. उत्तर पटलं नाही तर सुनावणी होते.

किंमतही मोजली. आता एकच खटका वापरणाऱ्याला भाऊ अडवू शकणार नाही. आणि धोका संपलेला नाही. आळीपाळीने अडवून एकेक दात सोडायची युक्ती घड्याळात कित्येक शतकं आहे. परीक्षक सुनावणीत तेच काढू शकतो. मग आम्हाला सांगावं लागेल की मास्कचं बक्कल बनवणारा माणूस घड्याळ उघडून का बघेल? मला विचाराल तर प्रकरण इथेच ठरणार आहे.

ती रील

शेवटची गोष्ट तुमच्यासाठी, कारण आपण सगळे काही बनवलं की आधी पोस्ट करतो. भावाने अर्जाच्या दोन महिने आधी पहिल्या नमुन्याची रील टाकली होती. आपल्या कायद्यात काही ठरावीक अपवाद सोडले, तर अर्जाआधी स्वतःच जगाला दाखवलेली गोष्टही जुनी धरली जाते. म्हणजे त्याची रील त्याच्याच विरोधात पुरावा! वाचला तो एवढ्यावरच की त्या नमुन्यात एकच खटका होता. दुसरा नंतर सुचला. तेव्हाच सुचला असता, तर दोनशे लाइक्समध्ये २० वर्षांचा हक्क गेला असता.

तर भावाला मी सांगितलं, नापास नाही झालास. अहवाल म्हणजे कोड रिव्ह्यू आहे. कॉमेंट आल्यात, दुरुस्त करून परत पाठवायचं. उत्तर गेलंय. सुनावणीची तारीख आली की पुढचा भाग करू.

तोवर काही बनवलं असेल तर आधी अर्ज, मग रील. भेटूच!