ग्रॅमा

‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील एक भयनाट्य. सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेने ते १४ फेब्रुवारी १९८६ रोजी प्रथम सादर केले. स्टीव्हन किंग (१९४७– ) यांच्या याच नावाच्या कथेवर ते आधारलेले आहे. पुण्याचे कथालेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यामार्फत हेच कथाबीज मराठीत आले व पुढे ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटापर्यंत पोहोचले.

मूळ मालिका रॉड सर्लिंग यांनी निर्माण केली. १९५९ ते १९६४ या काळात तिचे १५६ भाग झाले. प्रत्येक भागात कथानक व पात्रे नवी असत. १९८५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा एका भागात दोन-तीन स्वतंत्र लघुनाट्ये सादर करण्याची पद्धत पडली. ‘ग्रॅमा’ हे त्यांपैकी एक होय. पटकथा हार्लन एलिसन यांची, दिग्दर्शन ब्रॅडफर्ड मे यांचे व जॉर्जीची प्रमुख भूमिका बॅरेट ऑलिव्हर या बालनटाची आहे.

कथानक अगदी साधे आहे. आईला घराबाहेर जावे लागल्याने जॉर्जी अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत एकटाच राहतो. आजी चेटूकविद्या जाणणारी असल्याचे त्याला हळूहळू उमगते व अखेरीस तीच त्याचा ताबा घेते. किंग यांची कथा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८५ मध्ये ‘स्केलिटन क्रू’ या संग्रहात आली. तिचा बराचसा भाग मुलाच्या मनात घडतो. त्यामुळे एलिसन यांनी मुलाचे विचार त्याच्याच आवाजात ऐकविण्याची युक्ती योजली.

धारपांनी किंग यांच्या अनेक कथाकल्पना मराठी वातावरणात रुजविल्या. ‘शपथ’ व ‘लुचाई’ या त्यांच्या कादंबऱ्या त्याची उदाहरणे होत. ‘ग्रॅमा’वरून त्यांनी ‘आजी’ ही कथा लिहिली. मराठी घरात आजीची मांडी हे मुलाचे सर्वांत सुरक्षित स्थान मानले जाते. तेथेच भय वसल्याने कथेचा परिणाम अधिक तीव्र होतो.

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून धारपांची ही कथा ऐकली. ती किंग यांच्या कथेवर बेतलेली असल्याचे त्यांना पुढे कळले. चित्रपटाच्या पहिल्या प्रकरणात जखमी भावाला घेऊन आई घराबाहेर पडते आणि विनायक हा मुलगा साखळदंडांनी बांधलेल्या वृद्धेजवळ एकटा राहतो. या प्रसंगात मूळ कथेची खूण स्पष्ट दिसते. तथापि लोभाचे सूत्र आणि पुण्यात स्थायिक झालेल्या विनायकाचे उत्तरायुष्य ही चित्रपटाची स्वतंत्र निर्मिती आहे.

लोककथा मुखोमुखी पसरते व तिचा कर्ता अज्ञात राहतो. मुद्रित कथेचा कर्ता मात्र ज्ञात असतो. म्हणून रूपांतरात त्याचा निर्देश आवश्यक ठरतो. अन्यथा मूळ लेखकाचे श्रेय हरवतेच, शिवाय रूपांतरकाराने स्वतःची कोणती भर घातली हेही वाचकाला कळत नाही. ‘आजी’तील धारपांचे कौशल्य ‘ग्रॅमा’शेजारी ठेवूनच नीट पारखता येते.